तुम्ही विचारलंत म्हणून : बिनपगारी काम घेऊ का?

वन्यजीव संवर्धनात येऊ पाहणारी तरुण मुलं मला हटकून विचारतात, "पगार नसला तरी चालेल, अनुभव तर मिळेल. असं काम घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घेऊ नका.

तुमच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण महिनोन्‌महिने फुकट राबणं परवडतं कुणाला? ज्याला घरून पैसे येतात त्यालाच. पुढे प्रकल्प त्याच्याच हाती जातात. ज्याला महिनाअखेरीस घरी पैसे पाठवायचे असतात, तो कितीही हुशार असला तरी दारातूनच परत फिरतो. काही ठिकाणी तर काम करण्यासाठी उलट स्वयंसेवकाकडूनच पैसे घेतात.

आणि जंगलातलं मुख्य काम करतं कोण? वाघांच्या गणनेत, हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा कुठे लावला तर वाघ मिळेल, हे पायवाटा तोंडपाठ असलेला स्थानिक माणूस सांगतो. कॅमेरा तोच साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतो. वाघ ओळखायचा तो पट्ट्यांवरून, तेव्हा दोन्ही कुशींचे पट्टे टिपले जावेत म्हणून वाटेच्या पलीकडे दुसरा लावतो. वाऱ्याने गवत हललं की नुसते गवताचेच फोटो निघतात, म्हणून समोरचं गवत बसून कापतो. शोधनिबंधात त्याचं नाव फार तर आभारात येतं. पुष्कळदा तो रोजंदारीवर असतो. पाय मुरगळून घरी बसला की मजुरी बुडाली. हे मी जवळून पाहिलंय, आणि मला ते सहन होत नाही.

कित्येकदा तो त्याच जंगलातून उठवलेल्या लोकांपैकी असतो. युगांडात १९९१ साली ब्विंडी आणि म्गाहिंगा ही गोरिलांची राष्ट्रीय उद्यानं झाली आणि तिथे राहणाऱ्या बाट्वा या आदिवासी लोकांचं जंगल सुटलं. त्यांना भरपाई न देता बाहेर काढलं हे चूक होतं, असं तिथल्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं ते २०२१ मध्ये. मधे एक अख्खी पिढी गेली.

२०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित करायचं जगातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासानुसार जगात वनरक्षक आहेत सुमारे २ लाख ८६ हजार, आणि लागतील सुमारे १५ लाख. एवढी माणसं फुकट किंवा रोजंदारीवर राबवायची आहेत का?

तेव्हा पगार थोडा असला तरी चालेल, पण तो लेखी असू द्या. आणि मुलाखतीत आणखी एक विचारा : माझ्यासोबत जंगलात चालणाऱ्या माणसाला किती मिळतं, त्याचा विमा आहे का? उत्तराची टाळाटाळ झाली, तर दुसरीकडे अर्ज करा.