तुम्ही विचारलंत म्हणून: न मारता कुत्रा ऐकतो कसा?

“कुत्र्याक फटको नाय दिलो तर तो ऐकतलो कसो?” मासळीबाजारात, एस्टीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलात की हाच प्रश्न. आणि त्यामागोमाग, “कधीतरी एक ठेवून देतच असाल की!” कुत्र्यांना शिकवणं हे माझं काम, पण नाही देत. मन फार कोवळं आहे म्हणून नव्हे, मारल्याने काम बिघडतं म्हणून.

आधी एक कबूल करते: मार लागू पडतो. भुंकणाऱ्या कुत्र्यावर शिपटी उगारली की भुंकणं तिथल्या तिथे बंद. म्हणून तर माणसं मारत राहतात. यात बक्षीस मिळतं ते मारणाऱ्याला. कुत्रा मात्र वेगळंच शिकतो. मासळीवाली दिसली की तो घाबरून भुंकतो, तेवढ्यात पाठीत बसते. पुढच्या खेपेला तिच्या गाडीचा भोंगा नुसता ऐकला तरी त्याचं अंग आक्रसतं, कारण ती आली की दुखतं. भुंकणं दबतं, भीती दुप्पट होते.

तुमच्यातल्या अनेकांना देवगडकडच्या त्या टिपूची गोष्ट ठाऊक आहे, पण अर्धीच. गावठी, तपकिरी, चार वर्षांचा. दिवसा माडाला साखळीने बांधलेला, रात्री डुकरं हाकलायला बागेत मोकळा. जेवताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायचा, आणि प्रत्येक गुरगुरीला फटका. एका पावसाळ्यात गुरगुरणं थांबलं. घरात सगळे म्हणाले, सुधारला.

चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलं. टिपूला पडवीच्या कोपऱ्यात बांधलं होतं. आत आरती, झांजा; खळ्यात फटाक्यांची माळ. मुंबईहून आलेला सात वर्षांचा मुलगा त्याच्यासमोर जाऊन बसला. कोणीतरी मोबाइलवर ते टिपत होतं, म्हणून तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघता येतो. मुलगा येण्याआधी टिपूचं तोंड उघडं आहे, तो धापा टाकतोय. मुलगा बसतो तसं तोंड मिटतं. मग तो मान भिंतीकडे वळवतो. आजूबाजूला खायला काही नाही, तरी जिभेने नाक चाटतो. कान मागे गेलेत. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसायला लागते. मुलगा हसत त्याच्या गळ्यात हात टाकतो आणि टिपू गोठतो. शेपूट ताठ, धाप बंद. मागे सरकायला जागाच नाही, साखळी आधीच ताणलेली. मग चावा. गालाला, डोळ्याच्या खाली.

“काही नसताना एकदम चावला!” घरातलं प्रत्येक माणूस हेच म्हणालं. अहो, सहा वेळा सांगितलं त्याने. सातवी खूण गुरगुरण्याची होती, आणि तीच तुम्ही शिपटीने पुसून टाकली होती. गुरगुरणं म्हणजे घरातली धोक्याची घंटा. तिचा आवाज आवडत नाही म्हणून तारच कापली, तर आग लागायची थोडीच थांबते? हे बोलताना माझा आवाज चढतो, मला माहीत आहे. पूर्वी मी अशा घरांना निर्दय ठरवून मोकळी व्हायचे. आता तसं म्हणवत नाही. टिपू आजारी पडला तेव्हा त्याला रिक्षात मांडीवर घेऊन गेली ती हीच माणसं. तरीही, कळलं नाही म्हणून मुलाच्या गालावरची खूण पुसट होत नाही, हेही खरंच.

त्या गडबडीत एक हळद घेऊन आला, एक चुना. मुलाच्या आत्याने दोघांना बाजूला सारलं आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुतली. हेच बरोबर. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना, लस, आणि जखम खोल असल्याने जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. इंजेक्शनाची एकही तारीख चुकवायची नाही. घरच्या कुत्र्याला पहिली रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, मग दर वर्षी.

आता, न मारता करायचं काय? आधी मासळीवालीचं बघू. कुत्र्याला ती दिसते पण तो खाऊ घेतो, इतकं अंतर शोधायचं. खाऊ नाकारला, की अंतर कमी पडलं, मागे व्हा. ती दिसली की उकडलेल्या कोंबडीचा वाटाण्याएवढा तुकडा, लगेच, मग आणखी एक. ती नजरेआड झाली की खाऊ बंद. क्रम उलटा झाला तर सगळं फसतं. तुम्ही आधी खाऊची पिशवी काढलीत, तर पिशवी दिसली की काहीतरी वाईट येणार, एवढंच तो शिकतो. तीन ते पाच मिनिटं पुरेत. गळ्याला साखळी नको. छातीचा पट्टा आणि पाचेक मीटरची दोरी. सुक्या बोंबलाच्या वासाने कुत्रा जागचा हलत नाही, पण त्यात मीठ असू शकतं. उकडून पाणी टाकून द्या, आणि तेही कणभरच. काटा असलेली मासळी, कांदा, लसूण, मनुका नकोच.

जेवणाच्या भांड्याचंही तसंच. भांडं हिसकावून “बघू काय करतो” हा खेळ बंद. चार पावलांवरून जाताना भांड्यातल्यापेक्षा चांगला तुकडा टाका आणि न थांबता पुढे चला. तो सैल अंगाने मान वर करायला लागला, की पुढच्या खेपेला अर्धं पाऊल जवळून. अंग ताठलं किंवा तो भराभर गिळायला लागला, तर मागे. आणि हे काम मुलांना कधीही द्यायचं नाही.

“म्हणजे लाचच की!” हा तुमचा पुढचा प्रश्न. लाच आधी दाखवतात, मजुरी नंतर देतात. हात रिकामा ठेवा, तो बसला की त्याच क्षणी “हां” म्हणा, मग खिशातून द्या. आणि घरात सहा माणसं “बस”, “बैस”, “सीट” असं ज्याला जे सुचेल ते म्हणत असतील, तर ढ कुत्रा नव्हे.

“त्याला मालक कोण ते कळलं पाहिजे” म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. दादागिरी करणाराच कळपाचा म्होरक्या, ही कल्पना आली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून. 1947 मध्ये लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेन्केल यांनी ती मांडली. 1970 मध्ये ती दूरवर पोचवणारे दुसरे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. दादागिरीची चढाओढ नव्हे.

फुरश्यासारख्या विषारी सापावर कुत्रा झेपावला तर? तेव्हा मीही किंचाळून दोरी ओढेन. पण तो जीव वाचवणं झालं, शिकवणं नव्हे.

टिपूचं पुढे काय झालं, तेही विचारताच. साखळी सुटली. मागच्या पडवीला बेडं, म्हणजे फाटक, बसलं, पाहुणे आले की तो त्याच्या आत. मासळीवाली आली की आता तो घरच्यांच्या हाताकडे बघतो. मुलांजवळ मात्र त्याला सोडत नाहीत, आणि सोडूही नये असंच माझं मत. मालक अजून म्हणतात, “तुमच्या खावान काय झाला नाय, त्या बेड्यान झाला.” दोन्ही एकाच महिन्यात सुरू झालं, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. फक्त परवा तो जेवताना गुरगुरला, तेव्हा त्यांनी शिपटी शोधली नाही. दोन पावलं मागे झाले.