न्यूयॉर्कचा आश्रयार्थींवरचा खर्च: अब्ज सोडा, बिल बघा

न्यूयॉर्क शहराने आश्रयार्थींवर किती अब्ज डॉलर घातले, यावर वाद घालणारे पुष्कळ. पैसा गळतो तो मात्र माणशी जेवण आणि खोलीमागे रात्र या बारीक हिशेबात.

डॉकगो या वैद्यकीय सेवा देणाऱ्या कंपनीला शहराच्या गृहनिर्माण खात्याने २०२३ मध्ये आश्रयार्थींच्या राहण्या-जेवणाचं ४३.२ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, तेही निविदेशिवाय, आणीबाणीची खरेदी म्हणून. काम मेमध्येच सुरू झालं. शहराचे तेव्हाचे कंट्रोलर, म्हणजे हिशेब तपासणारे मुख्य अधिकारी, ब्रॅड लँडर यांनी सप्टेंबरमध्ये कंत्राट नोंदणी न करता परत पाठवलं. तेव्हाचे मेयर एरिक अ‍ॅडम्स यांनी काम चालूच ठेवलं. खरी मेख इथेच आहे. एरवी कंट्रोलरकडे नोंदणी आधी, काम आणि पैसे नंतर. आणीबाणीत कागद पोचेपर्यंत कुटुंबं हॉटेलात राहायला आलेली असतात, त्यांना बाहेर कोण काढणार? मग कंट्रोलरच्या हाती उरतं ते मागाहूनचं ऑडिट. ते ऑगस्ट २०२४ मध्ये आलं: पहिल्या दोन महिन्यांच्या १.३८ कोटी डॉलरपैकी सुमारे ८० टक्के रकमेला पुरेसे पुरावे नव्हते किंवा ती कंत्राटात बसत नव्हती.

कुणालाही तपासायचं असेल तर सुरुवात 'चेकबुक एनवायसी' या शहराच्या खर्चाच्या वेबसाइटवर करावी. तिथे कंत्राटाची कमाल रक्कम आणि प्रत्यक्ष अदा झालेली रक्कम वेगवेगळी दिसते. बातम्यांत बहुधा पहिलीच छापतात. शहराचं आर्थिक वर्ष जुलै ते जून धरायचं. बिलं मात्र तिथे नसतात, ती 'फॉइल' या माहितीच्या कायद्याखाली मागावी लागतात. 'सर्व कागदपत्रे' असं लिहिलं की अर्ज रखडलाच म्हणून समजा. एकच महिना निवडून हॉटेलची रोजची हजेरी, जेवणाच्या डिलिव्हरी पावत्या, सुरक्षारक्षकांच्या टाइमशीट आणि उपकंत्राटदारांची मंजुरीपत्रं मागावीत. पाच कामाच्या दिवसांत उत्तर किंवा पोच यायला हवी; नकार आला तर ३० दिवसांत अपील.

मग हजेरी आणि बिल शेजारी ठेवावं. डॉकगोचा जेवणाचा दर होता दिवसाला माणशी ३३ डॉलरपर्यंत, म्हणजे एका जेवणाला ११. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मधल्या वीस दिवसांत ७० हजारांवर जेवणं फेकली गेली. बिल पुरवलेल्या डब्यांचं होतं, खाल्लेल्यांचं नव्हे. खोल्यांचंही तसंच: आरक्षित खोल्या आणि कुणी झोपलेल्या रात्री हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि बिलावर कोणता धरलाय हे कंत्राटाच्या दरपत्रकातच सापडतं.