जुनं मॅटर आणि नवीन पीसी: आमच्या प्रेसची वाटचाल

बाबांनी बेळगावच्या शहापुरात छापखाना काढला तेव्हा खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायचं काम होतं, ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छोट्या छपाईयंत्रावर, हँडबिलं आणि बिलबुकं. १९९८ ला पहिला कॉम्प्युटर घेतला, मग विंडोज एक्सपी आलं, पानं मांडायचं पेजमेकर सॉफ्टवेअर आलं, बटर पेपरवर लेझर प्रिंट काढून प्लेट करायची आणि ऑफसेटला लावायची, बरीच वर्षं धंदा त्याच्यावरच चालला.

आमचं गिऱ्हाईक येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूरकडचं. पत्रिका मराठीच, पण पाव्हणे गोकाक-बैलहोंगलचे असले की कन्नड मजकूर पण लागतो. आणि थोरल्याच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडं झाली की धाकटीच्या लग्नाला तेच घर परत येतंय, "मालक, मागचंच मॅटर काढा की, नावं तेवढी बदला." कुलदैवत, भावकी, मामाकडची माणसं, कुणाच्या नावाआधी कुणाचं नाव हे सगळं वडीलधाऱ्यांनी एकदा बसून ठरवलेलं असतं, ते परत पहिल्यापासून टाईप करायचं मला अजिबात पटत नाही. ते मॅटर गिऱ्हाइकाचं आहे, आपण फक्त सांभाळतो.

पण ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला आणि जुने पीसी पण थकत चालले. फाईली नवीन सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या तर ते जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडं चालणारी अक्षरांची आजची पद्धत) नव्हेत, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठीचे तुकडे बसवलेले, कन्व्हर्टरनं मजकूर येतो पण जोडाक्षरं तपासायला लागतात आणि मांडणी तर जातेच. म्हणून नवीन विंडोज १० च्या पीसीत व्हर्च्युअलबॉक्स (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात आमच्याच सीडीवरनं एक्सपी बसवलं. पेजमेकर चाललं, डोंगल (सॉफ्टवेअर चालू व्हायला लागणारी किल्ली) यूएसबीतनं आत दिला तोही ओळखला.

अडलं ते प्रिंटला. नवीन लेझरला एक्सपीचा ड्रायव्हरच नाही, मग प्रिंटरची यूएसबी आत देऊन उपयोग काय. शेअर करावा तर एक्सपी जुन्या एसएमबी-१ वर (नेटवर्कवरनं फाईली-प्रिंटर शेअर करायची पद्धत) बोलतं आणि ते विंडोज १० मध्ये आता बंदच असतं, २०१७ ला त्याच्यातल्याच भोकातनं वॉनाक्राय व्हायरस पसरला, त्यानंतर ते परत चालू करायची माझी तयारी नव्हती. शेवटी एक्सपीत येणारा साधा पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते सांगणारी प्रिंटरची भाषा) प्रिंटर घातला, पोर्ट फाईलचं ठेवलं म्हणजे प्रिंट कागदाऐवजी फाईलमध्ये जातं, ती फाईल व्हर्च्युअलबॉक्सच्याच शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची, बाहेर विंडोज १० मध्ये घोस्टस्क्रिप्ट सॉफ्टवेअर त्याची पीडीएफ करतं आणि ती नवीन लेझरवर.

पहिल्या प्रिंटला "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! ड्रायव्हर आमचा फॉन्ट पाठवतच नव्हता, आपलाच दुसरा बसवत होता. प्रिंटरच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये ट्रूटाईप फॉन्टला "डाउनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट" केलं आणि वेलांटी, रफार, सगळं जागेवर. अजून एक, पीडीएफ छापताना "ॲक्चुअल साईज" च ठेवायचं, "फिट" ठेवलं की कार्ड थोडं बारीक होतं आणि पंचिंगला घडी चुकते. ही सेटिंग भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलीय, पोरगं नवीन असलं तरी काम अडत नाही.

एक्सपीची नेटवर्क केबल व्हर्च्युअलबॉक्समधनंच काढून ठेवलीय, इंटरनेटला ते जातच नाही. आणि हा आतला अख्खा पीसी म्हणजे एकाच फोल्डरमधल्या फाईली, त्यामुळं दर शनिवारी बंद करून दोन हार्ड डिस्कवर कॉपी. निपाणी आणि चंदगडच्या प्रेसवाल्या मित्रांनाही हेच बसवून दिलंय, आता तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल तेव्हा त्यांची जुनी मॅटर पण निघतील.