नियम १८४ की १९३? सभागृहातला गोंधळ नेमका कशावरून होतो

'गदारोळात कामकाज दिवसभरासाठी तहकूब' ही बातमी वाचली की वाटतं, या मंडळींना चर्चाच नको आहे. बहुतेक वेळा चर्चेला दोन्ही बाजू तयार असतात. घोडं अडतं ते चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची यावर. टीव्हीवर हा वाद आकड्यांचा पोरखेळ वाटतो, पण त्या आकड्यामागे एकच प्रश्न असतो: शेवटी मतदान होणार की नाही?

लोकसभेचं उदाहरण घ्या. नियम १९३ खाली अल्पकालीन चर्चा होते. सूचना देणाऱ्याबरोबर आणखी किमान दोन सदस्यांच्या सह्या लागतात. सदस्य बोलतात, मंत्री उत्तर देतात आणि विषय संपतो. औपचारिक प्रस्ताव नाही, मतदान नाही. नियम १८४ खाली मात्र रीतसर प्रस्ताव मांडला जातो आणि तो मतास टाकला जातो. म्हणजे प्रत्येक पक्षाला, विशेषतः सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला, आपण कुठे उभे आहोत ते नोंदवावं लागतं. भाषणात टीका करायची आणि सरकारही वाचवायचं, ही सोय १९३ मध्ये आहे, १८४ मध्ये नाही.

२०१२ च्या हिवाळी अधिवेशनात हेच झालं. किरकोळ व्यापारातल्या थेट परकीय गुंतवणुकीवर चर्चा हवी, हे सगळ्यांना मान्य होतं. भाजप आणि डावे १८४ वर अडून बसले, तर संयुक्त पुरोगामी आघाडीचं सरकार मतदानाविना चर्चेवर. सुरुवातीचे दिवस यातच वाया गेले. मग सरकारने आकड्यांची जुळवाजुळव केली आणि १८४ मान्य केला. ५ डिसेंबरला प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला. चर्चेत या धोरणावर टीका करणाऱ्या समाजवादी पक्षाने आणि बसपने मतदानाआधी सभात्याग केला. राज्यसभेत तीच चर्चा नियम १६८ खाली, म्हणजे मतदानासह झाली, तिथे बसपने सरकारच्या बाजूने मत दिलं आणि ७ डिसेंबरला प्रस्ताव १०९ विरुद्ध १२३ ने पडला. सरकारने इतके दिवस १८४ ला नकार का दिला आणि अचानक होकार का दिला, याचं उत्तर या आकड्यांतच आहे. सरकारं नियमाच्या तत्त्वावर भांडत नाहीत. बेरीज जमेपर्यंत वेळ काढतात.

लोकसभेत विरोधकांकडे आणखी एक हत्यार असतं, ते म्हणजे स्थगन प्रस्ताव. सूचना त्या दिवशी सकाळी १० च्या आत द्यावी लागते. विषय एकच, ठोस, ताजा आणि तातडीचा हवा. अध्यक्षांची संमती मिळाली तरी सभागृहात कोणी हरकत घेतली तर समर्थकांना जागेवर उभं राहावं लागतं आणि ते किमान ५० भरावे लागतात. ते भरले की ठरलेलं काम बाजूला ठेवून साधारणपणे दुपारी ४ वाजता चर्चा सुरू होते आणि तिला किमान अडीच तास मिळतात. प्रस्ताव मंजूर होणं म्हणजे सरकारची निंदा. त्यामुळे संमतीच्या पहिल्याच पायरीवर बहुतेक सूचना गळतात. 'तातडीचा नाही', 'दुसऱ्या मार्गाने मांडता येईल', 'न्यायप्रविष्ट आहे' ही ठरलेली कारणं.

राज्यसभेत स्थगन प्रस्ताव नाहीच, कारण अनुच्छेद ७५(३) प्रमाणे मंत्रिमंडळ फक्त लोकसभेला जबाबदार आहे. ही पोकळी भरायला विरोधक नियम २६७ वापरतात आणि इथे मोठी गंमत आहे. २६७ हा मुळात चर्चेचा नियम नव्हेच, तो एखादा नियम स्थगित करण्याचा नियम आहे. सभापतींची संमती घेऊन सदस्य असा प्रस्ताव मांडू शकतो की, त्या दिवसाच्या यादीतल्या कामाशी संबंधित प्रस्तावापुरता अमुक नियम स्थगित व्हावा. यात दोन खाचा आहेत. कोणता नियम स्थगित करायचा ते सूचनेत लिहावं लागतं, आणि विषय त्या दिवशीच्या यादीतल्या कामाशी जोडलेला दाखवावा लागतो. 'देशातील अमुक परिस्थितीवर चर्चा व्हावी' असं मोघम लिहून दिलेली सूचना नियमाच्या शब्दांत बसत नाही, आणि सभापतींना ती नाकारायला आयतं कारण मिळतं. सभापती जगदीप धनखड अशा सूचना फेटाळताना आपल्या ८ आणि १९ डिसेंबर २०२२ च्या निर्देशांचा दाखला वारंवार द्यायचे. नियम काटेकोर वाचला तर त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. पण १६ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदीवरची चर्चा याच २६७ खाली झाली होती, हेही खरं. नियमाचे शब्द तेच होते, बदलली ती संमती देणाऱ्याची मर्जी.

२०२३ च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूरमधल्या हिंसाचारावरून हाच पेच पडला. सरकार नियम १७६ खाली, म्हणजे अडीच तासांच्या, मतदानाविना चर्चेला तयार होतं. विरोधकांना २६७ हवा होता आणि पंतप्रधानांचं निवेदनही. कोंडी फुटेना तेव्हा त्यांनी लोकसभेत अविश्वास प्रस्तावाची सूचना दिली. आकडे पाहता तो पडणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण नियम १९८ ची रचना पाहा: सकाळी १० च्या आत सूचना, समर्थनाला ५० सदस्य, आणि परवानगी मिळाल्यावर ठरावीक मुदतीत चर्चा घेणं बंधनकारक. शिवाय चर्चेला उत्तर पंतप्रधान देतात. २६ जुलैला प्रस्ताव दाखल झाला आणि ८ ते १० ऑगस्टला चर्चा झाली. जी गोष्ट २६७ ने मिळाली नाही ती १९८ ने मिळवली, हरण्याची किंमत देऊन.

अर्थात १९८ सुद्धा अडवता येतो. मार्च २०१८ मध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसने सूचना दिल्या. पण दुसरेच पक्ष आपापल्या मागण्यांसाठी रोज वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरत होते, आणि सभागृह शांत नसल्याने ५० सदस्य मोजता येत नाहीत, असं म्हणून अध्यक्षा सुमित्रा महाजन रोज कामकाज तहकूब करत गेल्या. अधिवेशन तसंच संपलं. जुलैमध्ये, पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, सूचना स्वीकारली गेली, २० जुलैला चर्चा झाली आणि प्रस्ताव १२६ विरुद्ध ३२५ ने पडला. इतकं बहुमत हाताशी असलेल्या सरकारला मार्चमध्ये मोजणीची घाई नव्हती, एवढंच त्यातून दिसतं.

महाराष्ट्रात आकडे वेगळे, खेळ तोच. विधानसभेत नियम ५७, विधानपरिषदेत नियम २८९ म्हटलं की समजायचं, विरोधकांना प्रश्नोत्तरं आणि बाकीचं काम बाजूला ठेवून आत्ताच्या आत्ता विषय घ्यायचा आहे. सरकार म्हणतं २९३ खाली बोलू, परिषदेत २६० खाली बोलू, म्हणजे बाकीचं काम न थांबवता, ठरलेल्या वेळी. हरकतीचा मुद्दा आणि औचित्याचा मुद्दा यांची सरमिसळही रोजची. औचित्याचा मुद्दा म्हणजे एखाद्या विषयाकडे सभागृहाचं लक्ष वेधणं. हरकतीचा मुद्दा मात्र नियमाच्या अर्थाशी आणि त्या क्षणी चालू असलेल्या कामाशीच संबंधित हवा. उठणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण 'अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा' म्हणून सरळ भाषणच सुरू करतात.

आता कामकाजाची यादी कोण ठरवतं ते पाहू. वेळेचं वाटप कामकाज सल्लागार समितीत होतं. लोकसभेत तिचे अध्यक्ष खुद्द लोकसभाध्यक्ष आणि सदस्य जास्तीत जास्त १५. अमुक विधेयकाला इतके तास हे तिथे ठरतं. कोणतं विधेयक कधी यायचं, ही नाडी मात्र सरकारच्या हातात राहते, कारण सरकारी कामाचा क्रम अध्यक्ष सभागृह नेत्याशी बोलून लावतात. खासगी सदस्यांच्या वाट्याला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. समितीत एकमत झालं तरी पुरवणी यादी काढून नवं काम ऐनवेळी घुसवता येतं. ५ ऑगस्ट २०१९ ला जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक राज्यसभेत त्याच दिवशी मांडलं गेलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. प्रती आधी वाटण्याची अट सभापतींनी आपल्या अधिकारात शिथिल केली. २९ नोव्हेंबर २०२१ ला कृषी कायदे रद्द करणारं विधेयक एकाच दिवसात, चर्चेविना, दोन्ही सभागृहांतून गेलं. सप्टेंबर २०२३ चं विशेष अधिवेशन ३१ ऑगस्टला जाहीर झालं तेव्हा विषयच सांगितले नव्हते. सोनिया गांधींनी पंतप्रधानांना पत्र लिहून नऊ विषय सुचवले, आणि सरकारची यादी आली १३ सप्टेंबरला. विरोधकांनी तयारी कशाची करायची, हे त्यांना कळू न देणं ही जुनी आणि परिणामकारक युक्ती आहे.

मतदानाच्या क्षणी जे घडतं त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि घोटाळे तिथेच होतात. लोकसभेची रीत अशी: अध्यक्ष प्रश्न मांडतात, 'हो' आणि 'नाही' चे आवाज ऐकतात आणि आपलं मत सांगतात. त्याला कोणी आव्हान दिलं तर लॉबी मोकळी करण्याचा आदेश होतो. साडेतीन मिनिटांनी प्रश्न दुसऱ्यांदा मांडला जातो. पुन्हा आव्हान आलं तर मतविभागणी, म्हणजे आवाजावर न जाता मतं मोजणं. ती विनाकारण मागितली आहे असं अध्यक्षांना वाटलं तर सदस्यांना जागेवर उभं करून मोजता येतं. आव्हान द्यायची खिडकी अगदी लहान असते. निकाल जाहीर होऊन पुढचा विषय पुकारला की ती बंद.

१२ नोव्हेंबर २०१४ ला महाराष्ट्र विधानसभेत नेमकं हेच झालं. भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते, स्वतःचं बहुमत नव्हतं. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीची मागणी रेटली तोवर सभागृह पुढच्या विषयावर गेलेलं होतं. त्यांनी आरडाओरडा पुष्कळ केला, मागणीची वेळ मात्र हुकली. गटनेत्याशेजारी नियमांचं पुस्तक उघडून बसलेला एक सदस्य का लागतो, ते इथे कळतं.

२० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांच्या वेळी मागणी वेळेत झाली होती. उपसभापतींची बाजू अशी की ती करणारे जागेवर नव्हते. विरोधक म्हणत होते की आम्ही जागेवरूनच मागणी केली. आवाजी मतदानाने विधेयकं मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. माझ्या मते मतविभागणीची मागणी एकाही सदस्याकडून आली तरी ती द्यावीच. यंत्रावर मतदानाला काही मिनिटं लागतात, आणि ती वाचवून झालेल्या कायद्यावरचा संशय वर्षानुवर्षं टिकतो.

गिलोटिनबद्दल थोडक्यात. अर्थसंकल्पी मागण्यांसाठी नेमलेल्या शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी, चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. नियमाने ते योग्यच, नाहीतर सरकारचा खर्च थांबेल. पण गोंधळ जितका जास्त तितका चर्चेविना मंजूर होणारा पैसा जास्त. मार्च २०१८ मध्ये मागण्या आणि वित्त विधेयक लोकसभेतून अर्ध्या तासाच्या आसपास चर्चेविना निघाले. गोंधळ घालणाऱ्या विरोधकांनी हा हिशेब आधी मांडायला हवा.

खेळताना नियमच बदलण्याचा प्रकारही महाराष्ट्राने पाहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यावर विधानसभेचं अध्यक्षपद रिकामं होतं. गुप्त मतदानात आपली मतं फुटतील, ही तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीची भीती. डिसेंबर २०२१ मध्ये नियम ६ आणि ७ बदलून गुप्त मतदान काढण्यात आलं. भाजपने विरोध केला, राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी निवडणुकीची तारीख दिली नाही, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. सरकार बदलल्यावर तारीख लगेच मिळाली. ३ जुलै २०२२ ला त्याच बदललेल्या नियमाने, शिरगणती करून, राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. फुटीची भीती ज्यांना होती त्यांचं सरकार तोवर फुटीनेच गेलं होतं.

निलंबनाचा प्रश्न यादीइतकाच महत्त्वाचा, कारण बाकावर कोण उरतं यावर मतदान ठरतं. ५ जुलै २०२१ ला विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. एरवी अनुच्छेद २१२ मुळे न्यायालयं सभागृहाच्या कार्यपद्धतीतल्या अनियमिततेत शिरत नाहीत. पण अनियमित वेगळं आणि बेकायदा वेगळं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की चालू अधिवेशनाच्या पुढचं निलंबन घटनाबाह्य आहे. युक्तिवाद वाचण्यासारखा आहे: सदस्य ६० दिवस परवानगीशिवाय गैरहजर राहिला तर जागा रिक्त जाहीर करता येते, आणि रिक्त जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघाला ना आमदार, ना पोटनिवडणूक, म्हणजे ही शिक्षा हकालपट्टीपेक्षाही जड.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत सुरक्षाभंगावर गृहमंत्र्यांच्या निवेदनाची मागणी करणारे लोकसभेचे १०० आणि राज्यसभेचे ४६ सदस्य निलंबित झाले, आणि त्यांच्या गैरहजेरीत तीन फौजदारी कायद्यांची विधेयकं मंजूर झाली. यातल्या १३२ जणांचं निलंबन उरलेल्या अधिवेशनापुरतं होतं, म्हणजे न्यायालयाच्या मर्यादेत बसणारं. उरलेल्या १४ जणांचं मात्र विशेषाधिकार समितीचा अहवाल येईपर्यंत. त्याला तारीखच नव्हती. जानेवारी २०२४ च्या अखेरीस, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या तोंडावर, ते मागे घेतलं गेलं.