आज्जी उलटी वाकायची

परवा पन्हाळ्यावरनं परत येताना वाघबीळला चहाला थांबलो होतो. भर दुपार, गिऱ्हाईक नाही, चहावाला मोबाईलवर कुस्ती बघत बसलेला. तेवढ्यात एक पिवळीजर्द स्पोर्ट्स कार आली, मुंबईचा नंबर, आणि इतकी बुटकी की बाकड्यावर बसल्या बसल्या तिच्या टपावरची धूळ दिसत होती. पुढं स्पीडब्रेकर, तोही सरकारी नव्हे, गावानंच हौसेनं घातलेला. गाडी थांबली, तिरकी झाली, एक चाक चढवलं, मग दुसरं, आणि खालनं खर्रर्र असा आवाज आला तसे आम्ही सगळे एकदम "आईगंऽ". मालकापेक्षा आम्हालाच जास्त लागलं. ती तशी अडून बसलेली असताना मागनं एक पोरगं जुन्या यामाहा आरएक्स १०० बाइकवर आलं, ब्रेकरच्या कडेची सपाट जागा धरून सुळकन पुढं गेलं आणि पुढच्या वळणावर गाडी अशी झोपवली की चहावाल्यानं कुस्ती सोडून मान वर केली. "नाद खुळा," म्हणाला. नेमकं कुणाला ते कळलं नाही.

मग बाकड्यावर विषय निघालाच. एक्सएल मोपेडला दुधाचे कॅन अडकवलेले एक दादा होते, त्यांचं म्हणणं, कोटीची गाडी घेऊन काय करायची, वळणावर टू-व्हीलरपुढं कुणाचं चालत नाही. मला राहवेना. म्हटलं दादा, रस्त्यावर तुमचं खरं असंल, ट्रॅकवर उलटं आहे. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, तिथं २०११ला फॉर्म्युला वन ही कारची रेस झाली तेव्हा वेट्टेल नावाच्या ड्रायव्हरनं पोलला, म्हणजे रेसमध्ये सगळ्यात पुढनं सुटायचा मान मिळवताना, १ मिनिट २४ सेकंदांत चक्कर मारली, आणि २०२३ला मोटोजीपीवाले, म्हणजे बाइक रेसिंगमधले सगळ्यात वरचे, आले तेव्हा सगळ्यात फास्ट बाइकला १ मिनिट ४४च्या आसपास लागली. बाइकवाल्यांसाठी ट्रॅक थोडा बदलला होता हे धरलं तरी पंधरा-वीस सेकंद म्हणजे रेसमध्ये जन्माचं अंतर. आणि सरळ रस्त्यावर दोघं सारखेच, मोटोजीपीची बाइकपण ताशी ३६० किलोमीटरच्या पुढं गेलेली आहे. म्हणजे फरक पडतो तो ब्रेक मारताना आणि वळताना. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोएडाला ऊस हाय का पर?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं. कारण उसाचा सीझन चालू झाला की आपल्याकडच्या प्रत्येक वळणावर ट्रॅक्टरच्या चाकातनं पडलेला चिखल, त्यावर चिपाडं, आणि समोरनं दोन ट्रॉल्या जोडून डुलत येणारा ट्रॅक्टर, हे धरूनच वळायचं असतं. आणि बाइकचा रस्त्याशी संबंध किती, तर तळहाताएवढे दोन तुकडे. वळायचं त्यावरच, ब्रेकपण त्यावरच.

तरीपण घाटात बाइकच फास्ट वाटते आणि ते काही नुसतं वाटणं नाही. बाइकची रुंदी ती केवढी, त्यामुळं आपल्या लेनमध्येच बाहेरच्या कडेनं आत येऊन आतली कड चाटून परत बाहेर जाता येतं, वळण आहे त्यापेक्षा मोठं करून घेता येतं. कारनं लेन आधीच भरलेली असते, तिला इकडं हातभर आणि तिकडं हातभर, बास. आरएक्सचं वजन शंभर किलोच्या जवळपास, कार दीड टनाची. हे सगळं मला नंतर वाचून कळलं, पण वळण म्हणजे काय हे कळलं मामाच्या आरएक्सवर, जोतिबाच्या घाटात.

मामा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. आरएक्स सेकंडहँड घेतलेली, काळी, आणि रविवारी दुपारी ती धुणं हा घरातला मोठा विधी होता, आम्हा पोरांना फक्त स्पोक पुसायला मिळायचे. रविवारी सकाळी जोतिबा ठरलेला. टाकीवर मी, मग मामा, मागं आज्जी, नऊवारीत, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर नारळाची पिशवी. माझ्या पोटाखाली टाकी तापलेली, नाकात टू-स्ट्रोकचा धूर (तो वास अजून कुठं आला की मी रस्त्यात उभा राहतो, बायको पुढं निघून जाते) आणि डोळ्यासमोर स्पीडोमीटरचा काटा, थरथरणारा. घाट सुरू झाला की प्रत्येक वळणाला आज्जीचं "जोतिबाच्या नावानं चांगभलं". खरी गंमत अशी की गाडी डावीकडं कलली की आज्जी उजवीकडं वाकायची, गाडी उजवीकडं की आज्जी डावीकडं, आणि तेही ठरवून, पूर्ण जोर लावून.

"आये, गाडीबरोबर वाक की गं!"

"आरं, तू पाडालाईस म्हणूनच मी सांभाळतोय न्हवं!"

मामा वैतागायचा कारण मागचं माणूस बाहेर वाकलं की तोल साधायला गाडी अजून आत झोपवावी लागते, आणि यात्रेच्या दिवसांत रस्त्यावर गुलाल सांडलेला असायचा, त्यावरनं चाक जाऊ नये म्हणून त्याची आधीच कसरत. रेसिंगवाले बुड सीटवरनं काढून गुडघा जमिनीला घासतात ना, ते ह्याच्या बरोबर उलटं. अंग आत टाकलं की तेवढ्याच स्पीडला गाडी कमी झोपवून भागतं. आज्जी म्हणजे उलट्या दिशेची मोटोजीपी होती.

पण आज्जीला हसायचं काम नाही. तिचं सगळं आयुष्य बैलगाडीत गेलेलं. बैलगाडी एका बाजूला कलली की माणसं दुसऱ्या बाजूला सरकतात, त्यात चूक काय आहे? आणि कारला तेच लागू पडतं की. कार डावीकडं वळली की तिचं अंग उजवीकडं, बाहेरच्या बाजूला झुकतं, बाहेरच्या चाकांवर भार येतो, आत बसलेला माणूस दारावर जातो. तिथं कलंडण्याच्या उलट वाकलं म्हणजे वळणाच्या आतच वाकणं झालं. म्हणजे आज्जीचं गणित चारचाकीचं होतं, बसवलं होतं तिला दोनचाकीवर. ती पिवळी कार एवढी बुटकी असते तीही त्याच कारणानं, वजन जितकं खाली तितकं अंग कमी झुकणार, मग स्पीडब्रेकरला खर्रर्र झालं तरी चालेल.

बाइकला असं झुकून चालत नाही, तिला आत पडावंच लागतं. ४५ अंशात झोपवली म्हणजे आपल्या वजनाएवढाच जोर आपल्याला बाजूनं ढकलत असतो, मोटोजीपीवाले ६० अंशांच्याही पुढं जातात. फॉर्म्युला वनची कार वाऱ्याकडनं स्वतःला रस्त्यावर दाबून घेते म्हणून वजनाच्या चार-पाच पट जोर सोसते. झोपलेल्या बाइकला वाऱ्याचा असा फायदा घेता येत नाही.

आणि अजून एक वेडेपणा. बाइक डावीकडं वळवायची तर हँडल आधी किंचित उजवीकडं जातं, तेव्हा कुठं गाडी डावीकडं कलते. विमान उडवायच्या आधी राइट बंधूंचं सायकलीचं दुकान होतं, त्यातल्या विल्बरला हे पक्कं ठाऊक होतं. तो सायकलवाल्यांना विचारायचा, डावीकडं कसे वळता, तर सगळे सांगायचे हँडल डावीकडं फिरवतो. रोज करत होते एक आणि सांगत होते भलतंच. कारच्या स्टेअरिंगचं काम सरळ, डावीकडं फिरवलं की डावीकडं. अर्थात तिथंही नग आहेतच. पोर्श ९११चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागं, १९६३ला पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून आजपर्यंत. जुन्या ९११मध्ये भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू पुढं यायला बघायची. घाबरणाऱ्यालाच शिक्षा, हे मात्र दोन्हीकडं सारखं.

माझं एक खूळ आहे, माणूस कसा आहे ते मी त्याला मागं बसवून ठरवतो. काहीजण वळण आलं की आपल्या खांद्यावरनं पुढं डोकावतात आणि वळायच्या आधीच वाकतात, हे लोक हॉटेलात आपली ऑर्डरपण स्वतःच देऊन टाकतात. काहीजण ताठ, एसटीत बसल्यासारखे. आमचे एक शेजारी वळणावर पाय खाली सोडतात, कशासाठी ते त्यांनाच माहीत. आणि एखादाच असा मिळतो की मागं कुणी आहे हेच विसरायला होतं, घाट संपल्यावर तो बोलतो तेव्हा आपण दचकतो. लग्न ठरवताना पत्रिका बघण्यापेक्षा पन्हाळ्याची एक फेरी मारावी असं मी एकदा घरी बोललो होतो, तर बायको म्हणाली आपण बुलेटवर गेलो होतो तेव्हा मी झोपले होते. झोपली होती हे खरं आहे. झोपलेलं माणूस वळणाबरोबर आपोआप जातं, तेव्हा मी ते गुणात धरलं होतं.

कारमध्ये ही भानगडच नाही. मागं चार पाहुणे कसेही बसू देत, कुणी पेरू खातंय, कुणी उलटीची पिशवी धरलीय, स्टेअरिंगवाल्याला फरक पडत नाही, त्यांची वळणाला संमती लागत नाही. म्हणूनच कितीही भारी कार असू दे, बाजूला बसलं की मला पार्सलसारखं वाटतं. मामाच्या मागं आज्जीला तसं कधीच वाटलं नसणार. तिला तर वाटायचं गाडी तिच्यामुळंच उभी आहे.

विल्बरचं ते हँडलचं परवा मामाला फोनवर सांगितलं. म्हटलं, मामा, इतकी वर्षं तू हँडल उलटं ढकलत होतास, ठाऊक होतं का? मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मी कुठं ढकलतोय रं? गाडीच वळती की. बरं ते ऱ्हाऊ दे, गुऱ्हाळं सुरू झाल्यात न्हवं तिकडं? येताना काकवी आण. आन् डब्यातनं आण, बाटलीतनं नको, खाली बसल्याली निघत न्हाई."