तुम्ही विचारलंत म्हणून: हे इचलकरंजीतच का विणून घेत नाही?

घरच्या लग्नकार्यात, लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडं हाच प्रश्न. तू इचलकरंजीची, अण्णांचे माग होते, शिकलीस टेक्स्टाइल. मग वेल्समधली ती जुनी लोकरीची गिरणी चालवत अडीचशे पौंडांची पांघरुणं कशाला विणतेस? डिझाइन तिकडचं ठेव, विणकाम इकडं दे, निम्म्या पैशात काम होईल. विचारणाऱ्याला वाटतं, हे मला सुचलंच नसेल. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा सगळं सांगते.

इचलकरंजीला जमणार नाही म्हणून नव्हे, हे आधी लिहून ठेवा. तसं कुणी माझ्यासमोर म्हणालं तर मी भांडते.

आम्ही विणतो ती वेल्श टॅपेस्ट्री म्हणजे दुहेरी कापड. दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या रेषेवर एकमेकांची जागा घेतात. एका बाजूला लाल जमिनीवर हिरवी नक्षी, उलटून पाहिलं तर हिरव्या जमिनीवर लाल. आमचे माग डॉबक्रॉस, इंग्लंडमधल्या त्याच नावाच्या, तेव्हा यॉर्कशायरमध्ये असलेल्या गावात बनलेले. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. नक्षी साखळीवर ठरते: साखळीच्या दांडीवर रोलर असला की वही, म्हणजे उभे धागे ओवलेली चौकट, उचलली जाते, बारीक नळी असली की खाली राहते. आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा अजून खराखुरा धोटा, त्यातली धाग्याची कांडी संपली की माग थांबवून हातानं बदलायची. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून मागच्या शेडमध्ये मोडके माग ठेवलेत आणि लागेल तसा त्यांचाच भाग काढतो. अण्णासुद्धा भंगारवाल्याकडून चाकं आणून माग चालू ठेवायचे, त्यामुळं मला इथं पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही.

लोकरीबद्दलही खरं सांगते. टेकडीवर दिसणाऱ्या मेंढ्यांचीच लोकर पांघरुणात असते असा गिऱ्हाइकांचा समज असतो. वेल्श माउंटन मेंढीची लोकर जाडीभरडी, तिच्यात राठ पांढरे केस. ती गालिच्यांना चालते, अंगावर टोचते. तिला भाव इतका कमी येतो की बऱ्याच शेतकऱ्यांचा कातरणीचा खर्चही निघत नाही. 2020 मध्ये भाव कोसळले तेव्हा कित्येकांनी लोकर जाळली नाहीतर पुरली. आमचा धागा यॉर्कशायरमध्ये कातलेला येतो आणि त्यात बाहेरची लोकर असते. विचारलं की आम्ही सांगतो. मग यात वेल्श काय उरलं? विणकाम उरलं. म्हणून तर ते मी बाहेर देऊ शकत नाही.

हा पेच नवा नाही. वेल्समधल्या न्यूटाऊन गावचे व्यापारी प्राइस-जोन्स 1860 च्या सुमारास रेल्वे आणि टपालाच्या जोरावर वेल्श फ्लॅनेल, म्हणजे मऊ लोकरी कापड, घरपोच विकत होते, त्यामुळं "पारंपरिक गिरणी ऑनलाइन कशी विकते" असं कुणी विचारलं की मला नवल वाटतं. पण माल घरोघर पोचूनही न्यूटाऊनचं विणकाम इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या रॉचडेलच्या स्वस्त मालापुढं टिकलं नाही. नंतर "वेल्श फ्लॅनेल" नावाचं कापड रॉचडेलमध्येच निघू लागलं. नाव राहिलं, माग गेले. आमच्या टायवी नदीच्या खोऱ्यात पहिल्या महायुद्धात गणवेशाच्या कापडाला दिवसरात्र मागणी होती; युद्ध संपलं आणि गिरण्या एकामागून एक थांबल्या. आज सगळ्या वेल्समध्ये चालू गिरण्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत.

आता ती गोष्ट, जी मी घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकान-साखळीची खरेदी अधिकारी गिरणीत आली. हुशार, कामाची मुलगी. तिनं पांघरूण टेबलावर पसरलं, किनार बोटांनी चाचपली आणि आकडा सांगितला. तेवढी ऑर्डर आमच्या मागांवर काढायला वर्षं लागली असती. दर आमच्या निम्म्याहून कमी. मी नाही म्हणायच्या आतच ती म्हणाली, "तुम्ही भारतातल्या ना? तुमच्या तिकडं ओळखी असतील." मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या.

मी धागा आणि नक्षीचा आराखडा इचलकरंजीला चुलत भावाकडं पाठवला. त्यानं जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, घेऊन रॅपिअर मागावर (हा बिनधोट्याचा आधुनिक माग) डॉबी, म्हणजे नक्षीसाठी वह्या उचलणारं यंत्र, बसवली. सुताची सवय असलेल्या मागावर लोकरीचा धागा आधी सारखा तुटायचा. त्यांनी वेग उतरवला, ताण कमी-जास्त करून बघितला, रात्री जागले. शेवटी काही मीटर कापड आलं. लोकर धुऊन, कुटून घट्ट करायची सोय सुताच्या गावात नाही, म्हणून कच्चं कापड मी इकडं आणून आमच्याच पाण्यात तयार केलं. लुधियानाला दिलं असतं तर तेही काम तिकडंच झालं असतं. तेव्हा ही अडचण कारण म्हणून मी पुढं करणार नाही.

दोन्ही कापडं शेजारी ठेवली. आमच्याकडचे सगळ्यात जुने विणकर आले. त्यांनी दोन्हींवरून हात फिरवला, उलटून पाहिलं. किनार तेवढी वेगळी: रॅपिअरची कापलेली, आमची धोट्यानं बंद केलेली. म्हणाले, "चांगलं विणलंय. कुणी?" मी म्हटलं, माझ्या भावानं. "त्याला नमस्कार सांग," म्हणाले. मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं, "आमचे माग कधीपासून थांबवायचे?"

आवाजात राग नव्हता. तारीख कळली तर बरं, एवढंच. त्यांच्या आयुष्यात आजूबाजूच्या किती गिरण्या बंद पडल्या हे त्यांना ठाऊक होतं.

मी ऑर्डर नाकारली. त्या हिवाळ्यात आम्ही आठवड्यातून चारच दिवस माग चालवले. नुकताच शिकायला घेतलेला पोरगा एका गोदामात नोकरीला गेला. माग एकदा थांबला की त्याचा कान असलेला माणूसही जातो. बिघाड व्हायच्या आधी आवाजावरून ओळखणारे लोक जाहिरात देऊन मिळत नाहीत.

आणि भाऊ. त्यानं डॉबीला पैसे घातले होते, सूत व्यापाऱ्याला शब्द दिला होता. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, तू तुझ्या माणसांचं बघितलंस, बरोबर आहे. पण मी कुणाचा माणूस?"

याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं.

तुम्हाला पटवायला माझ्याकडं एक मुद्दा मात्र आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं, तेव्हा तुम्हीच मला चिडून मेसेज केले होते. त्या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन तरी आहे. हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाला 1993 चा कायदा आहे: स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरी, हातानं विणलेलंच ते नाव लावू शकतं. वेल्श टॅपेस्ट्रीला असलं कवच नाही. ती इथं विणली जाते एवढाच तिचा पुरावा. कोल्हापुरीसाठी तुम्ही भांडता ते मला पटतं, मग माझं तुम्हाला का पटत नाही?

पण मीच कधीकाळी तुमच्या बाजूनं होते. गिरणीत आल्या आल्या मी एक आराखडा केला होता: डॉबक्रॉस भंगारात, त्या जागी रॅपिअर. त्यातले आकडे आजही बरोबर आहेत. तेव्हाची मी, ती पोरगी, मला अजून सुनावते: अण्णांची शेड बंद पडली तेव्हा वारसा म्हणून कोण धावलं? मीटरमागं पैशांचा हिशेब घालणाऱ्या व्यापाऱ्यानं अण्णांचं नाव कधी विचारलं? गोऱ्यांचे जुने माग वारसा, आणि आपले जुने माग भंगार? मी तिला म्हणते, इथं निदान एक शेड वाचवणं माझ्या हातात आहे. ती म्हणते, हातात होतं म्हणून, की इथलं कौतुक आवडलं म्हणून? दोन्ही असेल.

भावाला मी म्हटलंय, माझ्या नक्षीचा नाद सोड, स्वतःच्या नावानं काहीतरी काढ, मी इथं आमच्या दुकानात ठेवते, लेबलवर "इचलकरंजी" मोठ्या अक्षरात. त्याला शंका आहे: त्या नावाला पौंडात कोण पैसे मोजणार? तरी त्यानं सुती चादरींचे नमुने पाठवलेत. त्याचं म्हणणं दर कमी ठेव, माझं म्हणणं वाढव, आणि अजून आमचं जमलेलं नाही.