मौर्यांच्या घराचं छप्पर

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर एका छपरावरून वाद चालला होता. मी इथे पुण्यात, दुसरा फ्रान्समध्ये, तिसरा ब्राझीलमध्ये, आणि छप्पर मौर्यकालीन घराचं.

हे घर ‘झिरो ए.डी.’ या प्राचीन काळातल्या युद्धाच्या संगणकीय गेममधलं, आणि आम्ही तिघं तो गेम रचणाऱ्यांपैकी. त्याची कल्पना २००१ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेमचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेला बदल, म्हणून निघाली. पुढे तो स्वतंत्र गेम झाला आणि २००९ मध्ये त्याचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. आज तो रचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच, नोकरी सांभाळून रात्री जागणारे. घरच्यांना अजून वाटतं की मी गेम ‘खेळतो’. खेळायला वेळ कुठे मिळतोय!

इतिहासाच्या पुस्तकाला ‘बहुधा’ म्हणून पुढचं पान उलटता येतं. गेमला ती सोय नाही. घर दाखवायचं तर भिंत कशाची, छपराचा उतार किती, दार केवढं, ते पाडायला किती घाव लागतील, या सगळ्याला उत्तर लागतं. ‘पुरावा अपुरा’ असं मॉडेल ब्लेंडरमध्ये, म्हणजे आमच्या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवता येत नाही.

आणि मौर्यांचं बांधकाम मुख्यतः लाकडी, म्हणजे कुजून गेलेलं. ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो की नदीकाठची भारतीय नगरं लाकडाची असत, कारण पाऊस आणि पुरापुढे विटा टिकत नसत. उंचावरची मात्र विटामातीची. पाटलीपुत्राला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते, ही माहिती चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या ग्रीक वकिलाची, मेगॅस्थनीसची. पाटण्याजवळ कुम्राहारला पुरातत्त्वज्ञ स्पूनरने केलेल्या उत्खननाला मुंबईच्या सर रतन टाटांनी पैसे दिले, आणि तिथे खांबांचा भव्य मंडप सापडला. जवळच्याच बुलंदी बागेत लाकडी तटाचे अवशेषही निघाले. पण हे सगळं राजाचं आणि नगराचं. साध्या माणसाचं घर कसं होतं?

मी पुढे केलं ते भाज्याचं चैत्यगृह. ते मौर्यांनंतरचं, हे मान्य. पण कातळात कोरलेल्या त्या छताला आतून लाकडी फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या अजून जागेवर आहेत. सुतारकामाची सवय दगडातही सुटली नाही, याचा इतका धडधडीत पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. बराबर टेकड्यांतल्या लोमस ऋषी गुंफेचं दारही लाकडी कमानीची हुबेहूब नक्कल आहे, आणि ते मौर्यकाळाच्या जास्त जवळचं. ब्राझीलवाल्याचं म्हणणं, या धार्मिक वास्तू, त्यावरून शेतकऱ्याचं घर कसं ठरवणार? मुद्दा रास्त आहे. चरफडत मान्य केला.

गंमत म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातही ‘साधारण’ चालत नाही. ऑनलाइन खेळताना सैन्य कुठे उभं आहे हे एकमेकांना कळवलं जात नाही, फक्त आज्ञा जातात. प्रत्येक संगणक आपापला हिशेब करतो आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत एकच यावं लागतं. साध्या दशांशांचा शेवटचा आकडा वेगवेगळ्या यंत्रांवर किंचित हलू शकतो, म्हणून खेळाच्या हिशेबात फिक्स्ड-पॉइंट, म्हणजे दशांशाची जागा पक्की ठरवलेले आकडे वापरतात. एखादा भालाइत एका संगणकावर जिवंत आणि दुसऱ्यावर मेलेला निघाला, की ‘आउट ऑफ सिंक’, म्हणजे दोन्ही संगणकांचा मेळ तुटला. असला बग शोधणाऱ्याला माझा दंडवत.

मला सगळ्यात आवडतो मौर्यांचा कामकरी हत्ती. लाकूडफाटा थेट त्याच्यापाशी आणून टाकता येतो. चालतंफिरतं कोठारच ते. सगळ्यात खटकतो अशोक. चंद्रगुप्त, चाणक्य यांच्यासारखाच तोही हिरो. तेराव्या शिलालेखात कलिंगात एक लाख माणसं मारली गेल्याचा पश्चात्ताप करणारा हा राजा. आठव्या लेखात तो राजांच्या शिकारीच्या विहारयात्रा मागे टाकून धर्मयात्रेला निघाल्याचं सांगतो, आणि त्या लेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्याला सापडला. युद्धाच्या गेममध्ये त्याचं करायचं काय? त्याचे लेखस्तंभ बांधता येतात, एवढं तरी बरं. पण पश्चात्तापाला टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पात्राचे आकडे लिहायच्या फाइलमध्ये, रकाना नाही, आणि कुणी सुचवला तरी मी त्याच्या विरोधातच मत देईन. आकड्यात बसवलेला पश्चात्ताप मला नको.

छपराचा उतार शेवटी फ्रान्सवाल्याचा ठरला, मोठ्या वास्तूंच्या दाराची कमान लोमस ऋषीवरून. रिव्ह्यूत मी एकच अट घातली: साध्या घराला कमान नको, सरळ चौकट हवी. त्यावर ब्राझीलहून लगेच प्रश्न आला, पुरावा काय?